दोऱ्याचा भाव आणि हाताचा भाव

पुण्याच्या जुन्या पेठांना वारांची नावे आहेत. परंतु खरेदीला निघालेला माणूस त्या पेठा मालावरून ओळखतो. पुस्तकांना अप्पा बळवंत चौक, तांब्यापितळेला तांबट आळी, विजेच्या सामानाला बुधवार पेठ, लाकडाला टिंबर मार्केट, साड्यांना आणि दागिन्यांना लक्ष्मी रस्ता. ज्याला शिवण, भरतकाम किंवा विणकाम यांचा नाद आहे, त्याची पावले मात्र रविवार पेठेकडे वळतात. मलकापूर हे या पेठेचे जुने नाव. पेशवाईपासून ही व्यापाऱ्यांची पेठ म्हणून प्रसिद्ध आहे. गुरुवार पेठेतील गोडीजी पार्श्वनाथाच्या मंदिरात दर्शन घेऊन मग बाजाराची कामे उरकणाऱ्या आपल्या अनेक कुटुंबांना या गल्ल्या तोंडपाठ असतील.

बाहेरगावाहून येणाऱ्यांना आता येथे पोहोचणे पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मेट्रोचा टप्पा सुरू झाला आणि मंडईला स्वतःचे स्थानक मिळाले. तेथे उतरावे, अष्टकोनी महात्मा फुले मंडई डोळे भरून पाहावी आणि सोन्या मारुती चौकाच्या दिशेने चालू लागावे. पंधरा-वीस मिनिटांत आपण बोहरी आळीच्या तोंडाशी येतो. गाडी आणण्याचा मोह टाळलेला बरा. हातगाड्या, टेम्पो, डोक्यावर गठ्ठे घेतलेले हमाल आणि मधूनच वाट काढणाऱ्या दुचाकी यांच्यात चारचाकीला जागा सापडणे कठीण.

आळीत शिरताच बाजाराचे स्वरूप बदलते. मणी, टिकल्या, बटणे, जर, गोंडे, लेस, राखीचे सामान, पिशव्या, पॅकिंगचे कागद, असा बारीकसारीक माल येथे वजनाने, डझनाने आणि ग्रोसने विकला जातो. श्रावणात राखीची, भाद्रपदात मखराची, आश्विनात तोरणांची आणि लग्नसराईत रुखवताची गर्दी. या आळीलगतच्या एका बोळात, बाहेरून सहज नजरेत न भरणारे एक दोऱ्याचे दुकान आहे. गेली बावीस वर्षे मी तेथे जाते. नाव मुद्दामच देत नाही. मालकांना प्रसिद्धीची हौस नाही, आणि मला सांगायचे आहे ते त्या दुकानाच्या नावापेक्षा त्याच्या रीतीविषयी आहे.

दुकान रुंदीला दहा फूट आणि खोलीला त्याच्या चौपट. दोन्ही भिंतींवर छतापर्यंत लाकडी खण. डाव्या हाताला सुती दोरा, उजव्या हाताला लोकर. सुती दोऱ्याचे खण क्रमांकाने लावलेले आहेत: दहा, वीस, चाळीस. क्रमांक जितका मोठा, तितका दोरा बारीक, हा या धंद्यातील पहिला धडा. नवखी व्यक्ती बहुधा उलटे समजते. प्रत्येक क्रमांकात रंग फिकटाकडून गडदाकडे जातात. लोकरीच्या बाजूला मात्र पदरांचा हिशेब: दोन पदरी, चार पदरी, आठ पदरी. मध्ये काचेची पेटी आणि तीत क्रोशाच्या सुया. बारीक दोऱ्यासाठी पोलादाच्या, एक मिलिमीटरच्या आतबाहेरच्या. जाड लोकरीसाठी अॅल्युमिनियमच्या, लाकडाच्या आणि बांबूच्या. गादी आणि तक्क्या जाऊन आता लाकडी फळी आली आहे, पण आजोबांच्या काळातला पितळी काटा अजून फळीच्या टोकाला उभा आहे. वजन इलेक्ट्रॉनिक काट्यावर होते. पितळी काट्याला दर दिवाळीला घासूनपुसून हळदकुंकू वाहिले जाते.

हे दुकान तिसऱ्या पिढीच्या हाती आहे. फळीवर वडील बसतात. आम्ही त्यांना काका म्हणतो. हिशेब, ऑनलाइन मागण्या आणि मालाची नोंद मुलगा पाहतो. दोघेही गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न तोच विचारतात: “काय करणार आहात, ताई?” रंग कोणता, किती हवा, हे नंतर. बाळाचे टोपडे करायचे असेल तर ते टोचणारी लोकर दाखवणारच नाहीत. दाराचे तोरण करायचे असेल तर धुळीत आणि उन्हात टिकणारा सुती दोरा काढतील. ताटावरच्या रुमालाला वीस क्रमांक, सोफ्याच्या पाठीला दहा. एकदा एक महाविद्यालयीन मुलगी क्रोशाची बाहुली करण्यासाठी आली होती. जपानी पद्धतीच्या अशा भरीव बाहुल्यांना हल्ली तरुण मुलींची फार मागणी आहे. तिने पाच रंगांचे पाच मोठे गुंडे मागितले. काकांनी नमुना पाहिला आणि दोन रंगांचे गुंडे परत खणात ठेवले. “डोळे आणि नाक यांना एवढे लागत नाही. उरलेल्यातले पंधरा-पंधरा ग्रॅम देतो.” उघड्या गुंड्यातून तोलून दिलेला तो दोरा काही रुपयांचाच असेल. व्यापारी घरातील वाचकांना हे सांगायला नको, की अशा विक्रीत नफा दिसत नाही. गिऱ्हाईक मात्र बांधले जाते.

येथील दुसरी रीत रंगाची. दिव्याखाली दोन जांभळे रंग एकसारखे दिसतात आणि उन्हात एक निळसर, एक लालसर निघतो. म्हणून रंग जुळवायचा असेल तर काका गुंडा घेऊन स्वतः उंबऱ्यापर्यंत येतात आणि बोळाच्या उजेडात धरून दाखवतात. गुंड्याच्या पट्टीवर रंगाच्या क्रमांकाखाली आणखी एक क्रमांक असतो, तो घाणीचा, म्हणजे लॉटचा. एका वेळी रंगवलेला माल एका लॉटचा. रंगाचा क्रमांक तोच असूनही लॉट बदलला, तर पांघरुणाच्या मधोमध पट्टा उमटतो आणि तो धुऊन जात नाही. त्यामुळे मोठ्या कामासाठी संपूर्ण माल एकदम घ्यावा लागतो. ज्यांना एकरकमी खर्च जमत नाही, त्यांच्यासाठी काका लॉट बांधून ठेवतात. पिशवीवर नावाची चिठ्ठी, आत सगळे गुंडे. गिऱ्हाईक महिन्याला दोन-दोन गुंडे नेते. उरलेला न उघडलेला गुंडा परतही घेतला जातो. अशा चाळीस-पन्नास पिशव्या मागच्या खोलीत टांगलेल्या असतात. त्यात दुकानाचे भांडवल अडकते, हे उघड आहे. मी एकदा तसे म्हणाले, तेव्हा मुलगाच उत्तरला, “ताई, आजवर न नेलेल्या पिशव्या मोजायला एका हाताची बोटेही पुरी लागलेली नाहीत.”

तिसरी रीत परीक्षेची. दोरा सुती आहे की मिश्र, अशी शंका कोणी घेतली की काका बोटभर तुकडा चिमट्यात धरून जाळून दाखवतात. सूत जळताना कागद जळाल्यासारखा वास येतो आणि मऊ राख उरते. लोकर नाखुशीने जळते, ज्योत दूर करताच विझते आणि केस जळाल्यासारखा दर्प सोडते. अॅक्रिलिक वितळते आणि थंड झाल्यावर त्याचा टणक मणी होतो. एवढे ज्ञान असलेल्या गृहिणीला कोणी सहजासहजी फसवू शकणार नाही.

या परीक्षेचा आपल्या घरांशी निकटचा संबंध आहे. रेशमासाठी कोश उकळताना आतील जीव मरतो, म्हणून अनेक जैन घरांत रेशीम वर्ज्य मानले जाते. लोकरीचे तसे नाही. श्वेतांबर घरांत सामायिकाला बसण्याचे कटासणेही परंपरेने लोकरीचेच असते. तरीही लोकर कोठून आली, मेंढीला कशा रीतीने कातरले, असे प्रश्न आजची तरुण पिढी विचारते आणि ते विचारलेच पाहिजेत. आपण ज्याला सर्रास लोकर म्हणतो, त्यातील बहुतांश माल वस्तुतः अॅक्रिलिक असतो, हे मात्र फारच थोड्यांना ठाऊक असते. तो खनिज तेलापासून बनतो. त्यात प्राण्याचा अंश नाही. पण तो मातीत मिसळून नाहीसाही होत नाही, आणि धुताना त्याचे सूक्ष्म तंतू पाण्यात उतरतात. ज्याला दोन्ही बाजूंनी निःशंक राहायचे असेल त्याला सुताचा मार्ग मोकळा आहे. काका यावर उपदेश करीत नाहीत. पट्टीवरचा मजकूर वाचून दाखवतात, जाळून दाखवतात आणि निर्णय गिऱ्हाइकावर सोपवतात.

लोकरीच्या खणांपाशी उभे राहिले की आपल्या समाजाच्या इतिहासाचा एक धागाही हाती लागतो. हाताने विणण्याच्या लोकरीच्या व्यापाराचे आपल्या देशातील मोठे केंद्र लुधियाना. तेथील लोकर आणि सूत उद्योगाच्या उभारणीत ओसवाल जैन घराण्यांचा फार मोठा वाटा आहे. ओसवाल वूलन मिल्स १९४९ मध्ये सुरू झाली. लाला रतनचंद ओसवाल यांनी १९६५ मध्ये ज्या उद्योगसमूहाची स्थापना केली, त्याला वर्धमान हे नाव मिळाले. पुण्यातील एखाद्या आजीने नातवासाठी घेतलेल्या गुंड्याच्या पट्टीवर हे नाव असते आणि त्याची ओळख करून द्यावी लागत नाही.

सुती दोऱ्याच्या चकाकीचीही एक कथा आहे. इंग्लंडमधील लँकेशायरच्या जॉन मर्सर यांनी कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात सूत भिजवण्याच्या प्रक्रियेचे पेटंट १८५० मध्ये घेतले. सूत अधिक बळकट झाले, रंगही चांगला धरू लागले. पण ते आटत असे. पुढे १८९० मध्ये होरेस लो यांनी तेच सूत ताणून धरून भिजवले, तेव्हा त्याला रेशमासारखी झळाळी आली. मर्सराइज्ड हा शब्द पट्टीवर दिसतो तो या मर्सर यांच्या नावावरून. रेशीम वर्ज्य असलेल्या घरात चकाकणारे तोरण लावता येते, ते या शोधामुळे.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावासा वाटला, तिच्याकडे वळते.

दुकानात शिरताच समोर, फळीच्या बाजूला, चार फुटी काचेचे कपाट आहे. त्यात दुकानातून दोरा नेणाऱ्या स्त्रियांनी केलेल्या वस्तू विक्रीसाठी ठेवलेल्या असतात. तोरणे, रुमाल, बाळंतविड्यातील टोपडी आणि मोजे, कळशीखालच्या चुंबळी, रुखवतात मांडायचे सुती फळांचे ताट. प्रत्येक वस्तूला सुतळीने एक चिठ्ठी बांधलेली असते आणि तीवर दोन ओळी असतात. पहिल्या ओळीत दोरा: किती ग्रॅम, किती रुपये. दुसऱ्या ओळीत हात: किती तास, किती रुपये. खाली बेरीज.

तासाचा दर दुकान ठरवीत नाही. तो करणारीने ठरवायचा. काकांची अट एकच: तेथे शून्य लिहायचे नाही. आरंभी कित्येक जणी तास लिहायलाच तयार नव्हत्या. “टीव्ही पाहता पाहता करते हो, त्याचे कसले तास?” हे उत्तर ठरलेले. काका म्हणत, “टीव्ही मी पण पाहतो. माझ्याकडून तोरण होत नाही.” मग त्या हसत आणि अंदाजाने काहीतरी लिहीत. पुढे पुढे त्या घड्याळ पाहू लागल्या. दुसऱ्या ओळीतील रकमेवर दुकान दलाली घेत नाही. दोरा विकताना नफा झालेला आहे, तेवढा पुरे, असे त्यांचे गणित.

मी स्वतः हा प्रयोग करून पाहिला. चार फुटांचे एक तोरण घेतले, वीस क्रमांकाचा दोरा, मधे कमळे आणि खाली झुलत्या पाकळ्या. प्रत्येक बैठकीला वहीत वेळ टिपली. दोऱ्याचे २४० रुपये झाले आणि तास भरले ५२. तसेच तोरण एका तयार मालाच्या दुकानात किती किमतीला घेतील, म्हणून चौकशी केली. ७०० रुपये मिळतील, असे कळले. दोऱ्याचे पैसे वजा केले तर ४६० उरतात. ५२ तासांनी भागले तर तासाला नऊ रुपयेही पडत नाहीत. काकांच्या कपाटातील चिठ्ठीवर मी तासाला ४० रुपये लिहिले. हाताचे २०८०, दोऱ्याचे २४०, एकूण २३२० रुपये.

या दोन किमतींमध्ये जे अंतर आहे, त्याचे कारण समजून घ्यायला क्रोशाची जात समजून घ्यावी लागते. सुयांवरच्या विणकामात एका वेळी अनेक फंदे सुईवर असतात, आणि ते काम यंत्रांनी केव्हाच आत्मसात केले. आपले स्वेटर आणि बनियन यंत्रावरच विणले जातात. क्रोशात आकडीवर बहुधा एकच जिवंत फंदा असतो. साखळी, मुका खांब, खांब, लांब खांब. प्रत्येक टाका पुरा झाल्यावाचून पुढचा सुरू होत नाही, आणि आकडी पुढे कोठे घालायची हे दर टाक्याला बदलू शकते. ही चाल कारखान्याच्या यंत्राला साधलेली नाही. प्रयोगशाळांत प्रयत्न चालू आहेत; परंतु बाजारात वाराने मिळणारी क्रोशासारखी लेस ही दुसऱ्याच विणीची नक्कल असते. याचा सरळ अर्थ असा, की खऱ्या क्रोशाची कोणतीही वस्तू, ती कितीही स्वस्त मिळो, कोणाच्या तरी हातांनी केलेली असते. किंमत उतरली असेल तर ती यंत्रामुळे उतरलेली नाही. ती त्या हातांच्या तासांतून वजा झालेली आहे.

या कलेचा इतिहासही हेच सांगतो. क्रोशे हा फ्रेंच शब्द, अर्थ लहान आकडी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास युरोपातील घरांत ही कला पसरली. आयर्लंडमध्ये १८४५ नंतर बटाट्यावर रोग पडून भीषण दुष्काळ आला, तेव्हा क्रोशाच्या लेसने अनेक कुटुंबांना तगवले. मोनहन परगण्यातील क्लोन्स या गावी तेथील धर्मगुरूंच्या पत्नी कॅसँड्रा हँड यांनी १८४७ मध्ये दुष्काळपीडितांसाठी हे काम सुरू केले, आणि ती लेस पुढे गावाच्याच नावाने प्रसिद्ध झाली. आपल्या देशात हीच कला मिशनऱ्यांबरोबर आंध्रातील गोदावरीच्या मुखाशी पोहोचली. नाशिकजवळ उगम पावणारी आपली गोदावरी ज्या प्रदेशात समुद्राला मिळते, तेथील नरसापूर हे आज क्रोशाच्या लेसचे देशातील सर्वांत नावाजलेले केंद्र आहे, आणि २०२४ मध्ये या लेसला भौगोलिक मानांकनही मिळाले.

याच नरसापूरच्या स्त्रियांचा अभ्यास जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी केला आणि त्यांचे पुस्तक १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांना आढळले ते विचार करायला लावणारे आहे. घरी बसून परदेशी बाजारासाठी लेस विणणाऱ्या या स्त्रियांना कोणी कामगार मानत नव्हते. त्या गृहिणी, आणि त्यांचे विणणे म्हणजे फावल्या वेळचा उद्योग, असे समजले जाई. वेळच फावला ठरल्यावर त्याला मोल कसले? त्या समजुतीवर व्यापार उभा राहिला आणि त्याचा फायदा मधल्या साखळीला मिळाला. मीस यांनी जे नरसापूरबद्दल लिहिले, ते आपल्या घरातील, शेजारच्या वाड्यातील, सोसायटीतील स्त्रियांनाही लागू पडते. “फावल्या वेळात करते” हे वाक्य आपण कौतुकाने उच्चारतो आणि त्याच वाक्याने भाव पाडतो.

काकांच्या दुकानात हे सारे सुरळीत चालते, असा वाचकांचा समज होऊ नये. कपाटातील माल सावकाश खपतो. माझ्या तोरणाला गिऱ्हाईक मिळायला पाच महिने लागले. एका बाईंनी आपले रुमाल तीन आठवड्यांतच परत नेले. मुलाची फी भरायची होती, थांबणे शक्य नव्हते. दुसरीकडे त्यांना निम्मे पैसे मिळाले, पण त्याच दिवशी मिळाले. त्या वेळी काकांपाशीही उत्तर नव्हते. मुलाचे म्हणणेही चुकीचे नाही. दुकानाची दर्शनी चार फूट जागा म्हणजे या आळीत केवढे भाडे, हे व्यापारी वाचक जाणतातच. त्या जागी तयार लेसची रिळे लावली तर दिवसाला दहा वेळा गल्ला उघडेल, असे तो म्हणतो. बापलेकांत हा वाद माझ्यासमोर दोन-तीनदा झाला आहे. अखेर मुलाने वर्षभराची नोंद ठेवली: कपाट पाहायला आलेल्यांपैकी किती जणांनी दोरा घेतला. आकडे मला सांगितले नाहीत. पण कपाट जागेवर आहे आणि रिळांसाठी मागच्या बाजूला नवी फळी ठोकली गेली आहे. तडजोड दोघांनाही मानवलेली दिसते.

गेल्या दिवाळीआधी मी तेथे बसले असताना एक सधन गृहिणी आल्या. नव्या घराची वास्तुशांत होती. कपाटातील एक तोरण त्यांना मनापासून आवडले. चिठ्ठी पाहून त्या थबकल्या. “काका, दोन हजारांच्या वर? एवढ्यात बाहेर तीन येतील. बरोबर किंमत सांगा.” काकांनी चिठ्ठी उलगडून त्यांच्यापुढे धरली. “वहिनी, वरच्या ओळीतला माल माझा आहे. दोऱ्यात वीस रुपये कमी करतो. खालची ओळ माझी नाही. हातात मी कसे कमी करू?” त्या बाईंनी पुन्हा एकदा तोरण हातात घेतले, उलटेपालटे करून पाहिले, विचार करते म्हणाल्या आणि गेल्या. तोरण त्या दिवशी कपाटातच राहिले. काकांच्या चेहऱ्यावर मला ना राग दिसला, ना खंत. त्यांनी पुढच्या गिऱ्हाइकाला विचारले, “काय करणार आहात, ताई?”

त्या उत्तरावर मी पुष्कळ विचार केला. घासाघीस हा आपल्या व्यापाराचा भाग आहे आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. घाऊक खरेदीत पै-पैशाचा हिशेब करणाऱ्या घरांत आपण वाढलो. पण भाव करताना आपण कोणाच्या वाट्यातून मागतो आहोत, हे सहसा समोर नसते. कापडाच्या ठाणात गिरणी, आडत्या, घाऊक व्यापारी, दुकानदार असे चार वाटेकरी असतात. दहा रुपये कमी झाले तर ते कोठेतरी वाटले जातात. क्रोशाच्या रुमालात दोऱ्याचा भाव जवळजवळ ठरलेला असतो. जे कमी होते, ते सगळे एकाच व्यक्तीच्या हातांतून कमी होते. चिठ्ठीवरच्या दोन ओळी हे उघड करतात, एवढेच.

आपल्यापैकी अनेकांची भेटवस्तूंची, तयार कपड्यांची, लग्नसाहित्याची दुकाने आहेत. हाताने केलेला माल आपणही घेतो आणि विकतो. त्यावर अशी चिठ्ठी लावायला खर्च काहीच येत नाही. सगळेच गिऱ्हाईक पूर्ण दर देईल, अशी अपेक्षा ठेवणे व्यवहाराला धरून होणार नाही. माल पडून राहील, ही भीतीही खरी आहे. परंतु निदान माल घेताना आपण स्वतः विचारू शकतो, “याला किती तास लागले?” हा प्रश्न विचारल्यावर पूर्वीचाच भाव सांगणे फार कठीण जाते, असा माझा अनुभव आहे. आणि ज्या भगिनी घरी विणतात, त्यांनी विकायला नव्हे तर भेट द्यायला विणले, तरी वहीत तास टिपावेत. सुनेने, मुलीने, नातवंडाने ते कधीतरी वाचावेत. बाळंतविडा मोलाने घेतलेला नाही, याचा अर्थ त्याला मोल नव्हते असा होत नाही.

पुण्याला येणाऱ्या वाचकांसाठी थोडी व्यावहारिक माहिती. सकाळी अकराच्या सुमारास जावे. तेव्हा बोळात उजेडही चांगला असतो आणि काकांना बोलायला सवड असते. दुपारी एक ते चार दुकान बंद, ही पुण्याची रीत येथेही पाळली जाते. दिवाळीपूर्वीचे पंधरा दिवस आणि राखीचा आठवडा टाळावा. लोकरीचा नवा माल पावसाळा संपता संपता येतो, तेव्हा रंगांची निवड सर्वांत मोठी असते. जुळवायचा रंग असेल तर वस्तूचा फोटो न नेता दोऱ्याचा तुकडा न्यावा. पडद्यावरचा रंग विश्वासार्ह नसतो. नमुन्याचे पुस्तक किंवा अर्धवट काम बरोबर असेल तर उत्तमच. तेथे टेकायला दोन स्टुले आहेत आणि अडलेला टाका दाखवणारी एखादी जाणती स्त्री बहुधा एका स्टुलावर असतेच.

आणि पुण्याला येणे झाले नाही, तरी आपल्या गावातही असे एखादे दोऱ्याचे दुकान असेल. हाताने विणलेली वस्तू तेथे आवडली, तर आधी दोऱ्याचा भाव विचारावा, मग तास विचारावेत, आणि दोन्ही उत्तरे ऐकून मगच किमतीची बोलणी करावी.